जुन्या वणातली जखम: भाजल्यानंतर सदतीस वर्षांनी उद्भवलेल्या त्वचेच्या कर्करोगाचे एक प्रकरण

इंदूरच्या जुन्या वस्तीत मी अनेक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करतो. खाली मांडलेले प्रकरण माझ्याच एका रुग्णाचे असून ते त्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निदानाला जो उशीर झाला त्यातील मोठा भाग माझ्या दवाखान्यात झाला, आणि तो कसा झाला हे सांगितल्याशिवाय या लिखाणाला अर्थ नाही.

पार्श्वभूमी

रुग्ण रामबागेच्या परिसरात राहणाऱ्या, आजार सुरू झाला तेव्हा एकसष्ट वर्षांच्या. गल्लीतले सगळे त्यांना काकू म्हणतात, मीही म्हणतो. १९८४ च्या हिवाळ्यात घासलेटच्या स्टोव्हचा भडका उडून त्यांच्या साडीने पेट घेतला आणि डावा पाय मांडीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत मागच्या बाजूने खोल भाजला. त्या वेळी त्या चोवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात वर्षाचे मूल होते. रुग्णालयात सात आठवडे काढल्यावर त्वचारोपण सुचवले गेले, परंतु दुसऱ्या मांडीची कातडी काढून इथे लावायची ही कल्पना घरच्यांना मानवली नाही आणि त्यांना घरी आणले गेले. जखम आपोआप भरून यायला सहा महिने लागले. गुडघा किंचित आखडला, पोटरीवर जाड, चकचकीत, बिनकेसांचा वण राहिला आणि पुढची सदतीस वर्षे त्याकडे कोणी वैद्यकीय दृष्टीने पाहिले नाही.

त्या सहा महिन्यांत त्या पायात काय घडले असेल हे आधी पाहिले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिथूनच उगवते. जखम झाली की काही मिनिटांत रक्त गोठते आणि पहिल्या एकदोन दिवसांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. जंतू मारणे आणि मेलेले मांस विरघळवणे हे त्यांचे काम. दोनतीन दिवसांनी मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षक पेशी, ताबा घेतात. त्या मेलेले न्यूट्रोफिल गिळतात आणि गिळता गिळता स्वतःची वृत्ती बदलतात: आरंभी दाह पेटवणाऱ्या याच पेशी पुढे नव्या रक्तवाहिन्यांना, तंतुपेशींना आणि कातडीच्या पेशींना वाढण्याचे संदेश देऊ लागतात. लीबोविच आणि रॉस यांनी १९७५ मध्ये गिनीपिगांमधील मॅक्रोफेज कमी करून पाहिले, तेव्हा जखमेची सफाईही रखडली आणि नवे तंतू बनण्याचे कामही मागे पडले. जखम भरणे हे केवळ कातडीचे काम नसून प्रतिकारक पेशींच्या नेतृत्वाखाली चालणारे काम आहे, हे तेव्हापासून पक्के झाले. शेवटी नियामक टी पेशी (टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दाह आवरतात, बहुतेक पेशी निघून जातात किंवा मरतात, आणि मागे वण उरतो.

मराठीत ‘वण’ हा शब्द ‘व्रण’, म्हणजे जखम, या शब्दातूनच आला आहे, आणि वैद्यकीय दृष्टीनेही ते नाते खरे आहे. वण म्हणजे पूर्ववत झालेली त्वचा नव्हे. त्याची ताकद मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यात केसांची मुळे नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, विस्कळीत झालेल्या असतात. निरोगी त्वचेच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशींचे जाळे पहारा देत असते. बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असताना पॉल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये त्या प्रथम दाखवल्या आणि त्यांना चेतापेशी समजले. पुष्कळ पुढे कळले की परक्या किंवा बिघडलेल्या वस्तूचा नमुना उचलून लसिकावाहिनीतून जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेणे आणि तिथल्या टी पेशींना तो दाखवणे हे त्यांचे काम आहे. दाट वणामध्ये हा नमुना पोहोचवण्याचा रस्ताच अरुंद झालेला असतो. जुन्या वणात उद्भवणारा कर्करोग शरीराच्या नजरेतून बराच काळ सुटत असावा, असे मानण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

समस्या

२०२१ च्या दिवाळीची साफसफाई करताना लोखंडी ट्रंकेचा कोपरा काकूंच्या पोटरीवर, नेमका वणावर, लागला. रुपयाच्या नाण्याएवढे साल निघाले. आधी हळद लावली, मग औषधाच्या दुकानातून आणलेले एक मिश्र मलम चार महिने लावले. त्या मलमात प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांच्यासोबत तीव्र स्टेरॉइड होते. अशा मलमाने लाली आणि खाज कमी होते, म्हणून माणसाला बरे वाटते. पण स्टेरॉइड मॅक्रोफेज आणि तंतुपेशी या दोघांनाही मंदावते, म्हणजे जी यंत्रणा जखम भरणार तीच थोपवली जाते आणि वरून सगळे शांत दिसते. अधूनमधून खपली धरायची, चालताना गुडघा ताणला की फुटायची.

काकू माझ्याकडे आल्या त्या जुलै २०२२ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. सुनेने बळेच आणले होते. जखम अडीच सेंटिमीटर रुंद, तळ लालसर-पिवळट, कडा किंचित उंच. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी ८.१ आली, मधुमेह असल्याचे तोवर कोणालाच माहीत नव्हते.

पहिला निर्णय: मलमपट्टी की तपासणी

माझ्यासमोर दोन वाटा होत्या. मधुमेह सापडला होता, पू होता, वण ताणाच्या जागी होता, आणि जखम न भरण्याला ही तिन्ही कारणे पुरेशी होती. मधुमेहात मॅक्रोफेज दाहाच्या पहिल्या अवस्थेतच अडकून राहतात आणि दुरुस्तीच्या वृत्तीकडे वळत नाहीत, हे मला माहीत होते; त्यामुळे साखर आटोक्यात आली की जखम वळण घेईल, हा माझा तर्क निराधार नव्हता. दुसरी वाट त्याच आठवड्यात बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करण्याची होती. जुन्या भाजलेल्या वणात होणाऱ्या कर्करोगाच्या व्रणाला मार्जोलिन अल्सर म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये वणांवरच्या अशा व्रणांचे वर्णन केले आणि १९०३ मध्ये डा कोस्टा यांनी त्यांचे नाव या कर्करोगाला दिले. भाजणे आणि कर्करोग यांच्यामध्ये बहुधा काही दशकांचे अंतर असते. हे सगळे मी विद्यार्थीदशेत शिकलो होतो.

मी पहिली वाट धरली. एक कारण सापडले की दुसरे शोधण्याची निकड उरत नाही, तसे माझे झाले. मधुमेहाच्या गोळ्या, पुवाच्या तपासणीनुसार प्रतिजैविक, एक दिवसाआड मलमपट्टी असे सात आठवडे चालले. पहिल्या तीन आठवड्यांत पू गेला आणि जखम तीन मिलिमीटरने आकसली. त्या तीन मिलिमीटरनी माझा आत्मविश्वास अवाजवी वाढवला. पुढचे चार आठवडे ती तसूभरही हलली नाही.

दुसरा निर्णय: अहवालावर किती विसंबायचे

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्वचेचा एक तुकडा जखमेच्या मध्याजवळून काढून पाठवला. अहवाल आला: जुनाट दाह, भरपूर लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी (दोन्ही प्रतिकारक पेशी), वरच्या थराची कर्करोगसदृश परंतु निरुपद्रवी वाढ, कर्करोगाचा पुरावा नाही. गणपतीचे दिवस होते. सुनेने फोनवर अहवाल ऐकला आणि त्या संध्याकाळी प्रसादाचे मोदक दवाखान्यात पाठवले. मलाही सुटल्यासारखे वाटले.

या अहवालात चूक काहीच नव्हती. जो तुकडा गेला त्याचे वर्णन अचूक होते. चूक माझ्या वाचण्यात होती. ‘जुनाट दाह’ हे शब्द मी उत्तर म्हणून वाचले, वास्तविक तो प्रश्न होता: मधुमेह बराचसा आटोक्यात आला, जंतू गेले, मग या पेशी अजून तिथे का आहेत?

जखम बंद होत नाही तोवर न्यूट्रोफिल येतच राहतात. त्यांची विकरे (एन्झाइम) नव्याने बनणारे कोलॅजनचे तंतू आणि वाढीचे संदेश देणारी प्रथिने तोडत राहतात, आणि जंतू मारण्यासाठी ते जे क्रियाशील ऑक्सिजन सोडतात त्याने शेजारच्या त्वचापेशींच्या डीएनएला इजा होते. त्याच वेळी कडेच्या त्वचापेशी जखम झाकण्यासाठी सतत विभाजित होत असतात. वारंवार विभाजन आणि वारंवार इजा एकाच जागी महिनोन्‌महिने चालली, की चुका साठत जातात. गाठींमध्ये पांढऱ्या पेशी आढळतात हे पाहून रुडॉल्फ फिर्चो यांनी १८६३ मध्येच जुनाट दाह आणि कर्करोग यांचा संबंध सुचवला होता. १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्व्होराक यांनी त्यापुढे जाऊन कर्करोगाच्या गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली: नव्या रक्तवाहिन्या उगवतात, तंतू विणले जातात, मॅक्रोफेज वाढीचे संदेश देतात, सारे काही जखमेसारखेच, फक्त थांबण्याची वेळ येत नाही.

बिघडलेली पेशी एकदा निर्माण झाली की जखमेचा हा सारा सरंजाम तिच्या कामी येतो. दुरुस्तीच्या वृत्तीचे मॅक्रोफेज तिला रक्तपुरवठा मिळवून देतात. टीजीएफ-बीटा आणि इंटरल्युकिन-१० यांसारखे संदेशवाहक मारक टी पेशींना शांत करतात. नियामक टी पेशी आपले नेहमीचे काम, म्हणजे दाह आवरण्याचे, चुकीच्या जागी प्रामाणिकपणे करतात. याच नियामक पेशींच्या शोधासाठी २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. प्रतिकारशक्ती ‘कमी पडली’ म्हणून कर्करोग होतो, असे आपण सहज म्हणतो. काकूंच्या पोटरीत प्रतिकारक पेशी कमी नव्हत्या, भरपूर होत्या. पण त्या जखम भरण्याच्या कामाला जुंपलेल्या होत्या.

शिवाय बायॉप्सीच्या जागेचा प्रश्न होताच. अशा व्रणाचा मध्य मेलेल्या मांसाने आणि दाहाने भरलेला असतो. कर्करोगाचे ठसे कडेला आणि खोल भागात शोधावे लागतात. निरुपद्रवी वाढ आणि चांगल्या विभेदनाचा (ज्याच्या पेशी अजून बऱ्याचशा मूळ पेशींसारख्या दिसतात असा) स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातील पेशींचा कर्करोग, उथळ तुकड्यात एकमेकांसारखे दिसू शकतात. एका ठिकाणचा, मधला, उथळ तुकडा पाठवून मी विकृतिशास्त्रज्ञांपुढे अपुरा प्रश्न ठेवला होता. जखम सदतीस वर्षांच्या वणावर आहे हे तर मी तपासणीच्या फॉर्मवर लिहिलेही नव्हते.

मलमपट्टी आणखी तीन महिने चालली. डिसेंबरअखेर काकू आल्या तेव्हा जखम साडेचार सेंटिमीटरची झाली होती, कडा बाहेर वळून फुलकोबीसारख्या झाल्या होत्या, पट्टी काढताच रक्त येत होते आणि वास वेगळा होता. “डॉक्टर, जांघेत अवधाण आलंय,” त्या म्हणाल्या. जखमेमुळे जांघेत येणाऱ्या गाठीला आपल्याकडे हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि बहुतेक वेळा ती गाठ दाहाचीच असते. या वेळी मी ते गृहीत धरले नाही. प्लास्टिक सर्जनकडे पाठवून चार कडांचे आणि तळाचा एक असे पाच खोल तुकडे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये निदान आले: चांगल्या विभेदनाचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा.

पर्याय आणि त्यांचा विचार

एमआरआयमध्ये हाडापर्यंत रोग पोहोचलेला दिसला नाही. जांघेतील गाठीच्या सुईतपासणीत केवळ दाहाच्या पेशी आल्या. चर्चेत चार पर्याय होते.

गुडघ्यावरून पाय काढण्याचा सल्ला एका ठिकाणी मिळाला. हाड किंवा सांधा ग्रासला असता तर तो टाळता आला नसता. तसे नसल्यामुळे तो मागे पडला. केवळ किरणोपचाराचा पर्यायही फार काळ टिकला नाही, कारण तुटपुंज्या रक्तपुरवठ्याच्या वणावर किरण दिल्यास तीच जागा पुन्हा न भरण्याची भीती होती.

इम्युनोथेरपीचा विषय मुलाने काढला. तो पुण्याहून आला होता आणि बरेच वाचून आला होता. कर्करोगाच्या पेशी टी पेशींवरील पीडी-१ हा ब्रेक दाबून त्यांना थोपवतात. तो ब्रेक सोडवणारे सेमिप्लिमॅब हे औषध शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या किंवा पसरलेल्या या कर्करोगासाठी अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये मान्य झाले. त्याच वर्षी टी पेशींवरील अशा ब्रेकच्या संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना नोबेल मिळाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेआधी हे औषध दिलेल्या ७९ रुग्णांपैकी ४० जणांच्या काढलेल्या भागात कर्करोगाची एकही पेशी उरली नव्हती. मुलाचा प्रश्न रास्त होता: मग आईला हेच का नाही?

कर्करोगतज्ज्ञांनी दिलेले उत्तर मला आजही पटते. त्या चाचणीतील बहुतांश रुग्णांचे कर्करोग डोक्याचे आणि मानेचे, उन्हामुळे झालेले होते. उन्हाने झालेल्या कर्करोगात जनुकीय बदल अतोनात असतात, त्यामुळे ब्रेक सुटताच टी पेशींना ओळखायला पुष्कळ खुणा मिळतात. वणातल्या कर्करोगाबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नव्हते, आणि जिथे टी पेशी पोहोचण्याचा रस्ताच वणाने अडवला आहे तिथे केवळ ब्रेक सोडून किती उपयोग, ही शंका होती. खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोटरीवरची गाठ संपूर्ण काढता येण्याजोगी होती. उरला चौथा पर्याय: भोवतालच्या वणासह रुंद छेद आणि त्वचारोपण.

काकूंनी सर्जनला एकच गोष्ट विचारली: “चालता येईल ना?”

केलेली कृती

फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसणाऱ्या कडेपासून दोन सेंटिमीटर सोडून, खालच्या स्नायूच्या आवरणासह, व्रण काढला गेला. चारही कडा आणि तळ स्वच्छ आले. ज्या त्वचारोपणाला १९८४ मध्ये नकार मिळाला होता तेच उजव्या मांडीवरून करण्यात आले. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा धरला नव्हता, आणि तो भरायला सात आठवडे लागले. या काळात साखर काटेकोर ठेवली आणि दर आठवड्याला मोजपट्टी धरून छायाचित्र काढले.

जांघेचा निर्णय सर्वांत अवघड ठरला. सुईतपासणी निर्दोष होती, गाठ शस्त्रक्रियेनंतर लहान झाली होती. सगळ्या ग्रंथी काढल्यास पाय कायमचा सुजण्याचा धोका. न काढल्यास एखादी लपलेली पेशी राहण्याचा. पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणारी लसिका सर्वांत आधी जिथे पोहोचते ती ग्रंथी, शोधून केवळ तीच तपासण्याचा मधला मार्गही बोलला गेला, पण ती सोय त्या रुग्णालयात नव्हती आणि मुंबईला जाण्याची काकूंची तयारी नव्हती. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची असे ठरले.

परिणाम

पहिल्या दोन सोनोग्राफी स्वच्छ आल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये जांघेतील एका ग्रंथीचा आकार गोल झालेला दिसला, आणि या वेळी सुईला कर्करोगाच्या पेशी लागल्या. जांघेतील ग्रंथी काढल्या. अकरांपैकी एकीत कर्करोग होता, आणि तिचे आवरण शाबूत होते. त्यानंतर तिथे किरणोपचार देण्यात आले.

त्याला आता दोन वर्षे झाली आहेत आणि रोग परतलेला नाही. काकू चालतात, जिनाही चढतात. पाय मात्र संध्याकाळपर्यंत सुजतो. दाबमोजा घालावा लागतो आणि इंदूरच्या मेमध्ये तो घालणे ही शिक्षाच असते, असे त्या दर उन्हाळ्यात सांगतात.

काय वेगळे करता आले असते

माझ्या मते पहिली बायॉप्सी जुलैमध्येच व्हायला हवी होती. मधुमेह सापडला म्हणून ती पुढे ढकलण्याऐवजी, वण जुना आहे म्हणून ती आधी करायला हवी होती; दोन्ही उपचार एकाच वेळी चालू शकले असते. जखमेत पू आहे का, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला. ती किती आठवडे उघडी आहे आणि कोणत्या कातडीवर आहे, या प्रश्नाला मी दुय्यम ठेवले.

सप्टेंबरचा अहवाल आणि समोरची जखम यांचा मेळ बसत नव्हता, तेव्हा अहवाल खरा मानून जखमेला वेळ देण्याऐवजी दोन आठवड्यांत पुन्हा तुकडे घ्यायला हवे होते. ग्रंथीत पोहोचलेल्या पेशी त्या चार महिन्यांतच गेल्या, असे सिद्ध करता येत नाही. मला मात्र तसे वाटत राहते.

जांघेबाबत माझे मत सर्जनच्या मतापेक्षा वेगळे आहे आणि ते त्यांना मी सांगितलेही आहे. वणातला कर्करोग वणाच्या आत असतो तोवर संथ असतो, कारण तिथल्या लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात. तो निरोगी त्वचेच्या कडेला पोहोचला की उघडा रस्ता मिळतो. काकूंचा व्रण वणाच्या बाहेरच्या कडेपासून जेमतेम एक सेंटिमीटर दूर होता. एवढ्यावरून पहारेकरी ग्रंथीची तपासणी होणाऱ्या केंद्रात जाण्याचा आग्रह आम्ही अधिक धरायला हवा होता. सर्जनचे म्हणणे असे की काकू गेल्या नसत्या, आणि आग्रहात गेलेले आठवडे मूळ गाठीला मिळाले असते. तेही खोटे नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या सवयींविषयी. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. वर्षानुवर्षे एकाच जागी होणारे घर्षण आणि त्याने टिकून राहणारा दाह हेच त्याचे मूळ मानले जाते. काश्मीरमध्ये कांगडीच्या उष्णतेने पोटावर आणि मांड्यांवर होणारा कर्करोगही याच जातीचा. गोऱ्या कातडीचा, उन्हाचा आजार म्हणून त्वचेच्या कर्करोगाकडे पाहण्याची जी सवय आम्हा डॉक्टरांनाही लागली आहे, ती मोडायला आपल्याच मातीतली ही उदाहरणे पुरेशी होती.

उरलेला वण

काकूंच्या गुडघ्यामागे आणि मांडीवर त्याच अपघाताचा, तेवढ्याच वयाचा वण अजून आहे. तो काढून टाकावा का, यावर विचार झाला. एवढ्या मोठ्या भागाचे रोपण मधुमेही आणि सूज आलेल्या पायावर करणे धोक्याचे ठरले असते, म्हणून नजर ठेवायचे ठरले. दर तीन महिन्यांनी छायाचित्र, रोज रात्री खोबरेल तेल आणि सुनेची नजर. गेल्या पावसाळ्यात गुडघ्यामागे अर्ध्या सेंटिमीटरची भेग पडली आणि पंधरा दिवसांत मिटली नाही. सोळाव्या दिवशी दोन कडांचे तुकडे गेले. फॉर्मवर ‘भाजल्याचा वण, एक्केचाळीस वर्षे’ असे मी पहिल्याच ओळीत लिहिले. अहवाल दाहाचा आला. भेग चौथ्या आठवड्यात भरली. तरीही सहाव्या आठवड्यात मी ती पुन्हा मोजली.